मोडायचा राहिलेला खेळ

जिना चढतानाच धाकटीच्या लक्षात आलं, आज आपलं काही खरं नाही. वरून एकाही माणसाचा आवाज येत नव्हता. या कुटुंबात सगळे जमलेत आणि घर शांत आहे, म्हणजे एकतर कुणी आजारी आहे, नाहीतर कुणाची तरी खरडपट्टी निघायची आहे. आजारी कुणीच नव्हतं.

"तू बोलूच नकोस," नवरा मागून म्हणाला. हा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. जिने चढायचा त्याला कंटाळा आणि भांडणांचा त्याहून. "दादाला काय बोलायचं ते बोलून मोकळा होईल. या कानाने ऐक, त्या कानाने सोडून दे."

"तुझा दादा पालक समितीचा अध्यक्ष आहे. तो बोलून मोकळा होत नाही, तो लिहून देतो."

आणि त्याने लिहून दिलंही होतं. सातवीच्या वर्गात नागरी हक्कांच्या चळवळीचा धडा शिकवणं बंद करावं, आणि इतिहास-नागरिकशास्त्राचा तास धाकटीकडून काढून दुसऱ्या कुणाला तरी द्यावा. उद्या सकाळी शाळेत सभा होती. थोरल्या दिराने भावजयीविरुद्ध तक्रार केली, ही बातमी शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर फिरून शिळीसुद्धा झाली होती.

धडा कुठल्या लांबच्या मुलखातला नव्हता, याच शहराचा होता. आईंच्या, म्हणजे धाकटीच्या सासूबाईंच्या तरुणपणी, इथल्या वाचनालयात खालच्या वस्तीतल्या माणसांना पाऊल टाकायची बंदी होती. पुस्तक हवं तर मागच्या खिडकीशी उभं राहायचं, ग्रंथपाल देईल ते घ्यायचं आणि चालू लागायचं. आत खुर्च्या रिकाम्या असल्या तरी बसायचं नाही. मग एके दिवशी वस्तीतली काही माणसं सरळ पुढच्या दाराने आत गेली आणि खुर्च्यांवर बसली. त्यांना उचलून बाहेर टाकलं, ती पुन्हा आली. पुन्हा टाकलं, पुन्हा आली. शेवटी नियम गेला आणि माणसं राहिली. पाठ्यपुस्तकाने हे सगळं दीड पानात उरकलं होतं. धाकटीला ते दीड पान पुरेना, कारण त्या खुर्च्यांवर बसलेल्यांतली एक तिची सासू होती.

म्हणून तिने वर्गात खेळ मांडला. चिठ्ठ्या टाकल्या. अर्धी मुलं व्हरांड्यात, अर्धी आत, आणि खिडकीशी एक ग्रंथपाल. थोड्या वेळाने बाजू बदलायच्या, म्हणजे दोन्हीकडचं कळेल. पुतणी तिच्याच वर्गात होती आणि पहिल्या डावात तिची चिठ्ठी बाहेरची निघाली. ग्रंथपाल झालेल्या मुलाने तिच्या हातात कोंबड्या पाळण्याचं पुस्तक ठेवलं, वर्ग खो खो हसला, आणि पुतणीचं तोंड लाल झालेलं धाकटीने पाहिलं. मग बाजू बदलल्या. तेवढ्यात शिपाई सहीला कागद घेऊन दाराशी आला. ती पाठमोरी सह्या करत असताना वर्ग पुन्हा हशाने दणाणला, घंटा झाली, आणि मुलं दप्तरं उचलून पळाली.

दुसऱ्या दिवसापासून पुतणी शाळेत नाही. ताप नाही, पोटदुखी नाही. नुसतं 'जाणार नाही', आणि त्यापुढे तोंडाला कुलूप.

दार मोठ्या जावेने उघडलं. ती रुग्णालयात नर्स; आत्ताच पाळीवरून आलेली, केस अजून घट्ट बांधलेले. "ये," ती म्हणाली. रागाने नाही आणि प्रेमानेही नाही. धाकटीला वाटलं, पेशंटला आत घेतात तसं घेतलं आपल्याला.

थोरला खिडकीपाशी उभा होता. त्याचं चष्म्यांचं दुकान. गिऱ्हाइकाशी इतकं गोड बोलायचा की माणूस एक चष्मा घ्यायला यायचा आणि दोन घेऊन जायचा. घरी येईपर्यंत मात्र ती साखर संपलेली असायची.

"या बाई," तो म्हणाला. एरवी तो तिला अगंतुगं करी. "बसा. खुर्ची आहे इथे. आमच्याकडे कुणाला उभं करत नाहीत."

"भाऊजी, माझं ऐकून तरी—"

"माझी आई त्या खिडकीशी उभी राहिली! मी दुकान काढलं, वरच्या भागात घर घेतलं, कशासाठी? माझ्या मुलीवर ती वेळ येऊ नये म्हणून. आणि तिला बाहेर काढलं कुणी? परक्याने नाही. माझ्याच घरातल्या बाईने. चिठ्ठी टाकून!"

त्याचा आवाज चिरकला. त्याला खरं म्हणजे रडू येत होतं, आणि रडू आलं की हा माणूस ओरडतो, ही त्याची लहानपणापासूनची खोड. सगळ्या घराला ती माहीत होती, तरी ओरडणं ऐकून अंगावर काटा यायचा तो यायचाच.

"मी शिकवत होते, भाऊजी," धाकटी म्हणाली. नवऱ्याने दिलेला सल्ला जिन्यातच राहिला होता. "फळ्यावर 'सर्वांचा आदर करावा' असं लिहिलं की मुलं ते वहीत उतरवतात आणि मधल्या सुट्टीत एकमेकांच्या पाठीवर काहीबाही चिकटवतात. मला वाटलं, पायाखाली तुडवलं गेलं की कसं वाटतं ते कळलं, तर आदराचं नुसतं नाव घ्यायची गरज उरणार नाही."

"कळलं ना मग? छान कळलं! पोरगी आठवडाभर तोंड लपवून बसलीय."

"तिला कुठे लागलंय तेच कळत नाही मला," मोठी जाऊ म्हणाली. "दिवसभर परक्यांच्या जखमा बांधते आणि माझ्याच मुलीची सापडत नाही. तुझ्याशी तरी बोलायची ती. काकू काकू करत मागे फिरायची. तूच असं केलंस, मग तिने कुणाकडे जायचं?"

हे मात्र धाकटीला लागलं. दिराचं ओरडणं अंगावर झेलता येत होतं. हे झेलता आलं नाही.

"चुकलं असेल माझं," ती म्हणाली. "पण एक सांगा. ते कोंबड्यांचं पुस्तक माझ्या डोक्यात कुठून आलं?"

कोंबड्यांचं पुस्तक कुठून आलं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आई खिडकीशी जाऊन ताऱ्यांवरचं पुस्तक मागायच्या आणि ग्रंथपाल त्यांना नखशिखान्त न्याहाळून कोंबड्या पाळण्याचं पुस्तक द्यायचा. पुन्हा तारे मागितले की पुन्हा कोंबड्या. 'ताऱ्यांचं मला काही विचारू नका, पण कोंबडीला सर्दी झाली तर बोलवा,' असा गोष्टीचा शेवट. पाहुणे आले की ही गोष्ट व्हायची. थोरला दुकानातली सगळ्यात जाड फ्रेम नाकाच्या शेंड्यावर ठेवून ग्रंथपाल व्हायचा, धाकटा, म्हणजे धाकटीचा नवरा, कोंबडी व्हायचा, आणि आई स्वतः आईच व्हायच्या.

"माझ्या लग्नाच्या जेवणात करून दाखवलंत तुम्ही हे," धाकटी दिराला म्हणाली. "मी या घरात हसत हसत आले ती हीच गोष्ट बघून. इतकी वर्षं बघतेय. मला वाटलं, ही अशीच सांगायची असते."

धाकट्याच्या नाकातून एक आवाज निघाला. हसू दाबलं की निघतो तसा.

"तू हस!" थोरला त्याच्यावर उखडला. "तुला काय, तू कोंबडी!"

"दादा, तू चांगला ग्रंथपाल करायचास, एवढंच आठवलं रे. फारच चांगला."

धाकट्याने हे टोचायला म्हटलेलं नव्हतं, पण थोरल्याला टोचलं.

आई टेबलाशी बसून बटाटे सोलत होत्या. सोलून झालेले बटाटेसुद्धा पुन्हा हातात घेऊन डोळे काढत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत होतं आणि काहीच बोलावंसं वाटत नव्हतं.

मुलं लहान होती तेव्हा त्यांनी ती गोष्ट हसण्यावारी नेली. वाचनालयात जायची मुलांना भीती वाटू नये, एवढाच हेतू. एकदा हसवून सांगितली की पुढच्या खेपेला अजून थोडं मीठमसाला; असं करता करता मूळ गोष्ट बाजूला राहिली आणि नकलेवर घर पोसलं. वाईट काय झालं त्यात? मुलं वाचनालयात गेली, शिकली, पोटाला लागली. आणि आता नात घरात बसली होती.

"आई, तू बोल," थोरला म्हणाला. "उद्या सभेला चल माझ्याबरोबर. तू नुसतं म्हणालीस, की हे बरोबर नाही, तर कुणाची बिशाद आहे पुढे बोलायची?"

"आई, तुम्हीच सांगा," धाकटी म्हणाली. "तो धडा गेला तर तुम्ही तिथे जाऊन बसलात हे पुढच्या मुलांना कोण सांगणार?"

दोन्हीकडून ओढाओढ. आईंना मनातल्या मनात चीड आली. मी काय दोरी आहे?

"भिंगरीला विचारलंत का?" त्या म्हणाल्या.

"ती बोलतेय कुठे!"

"मग आपण का बोलतोय तिच्या वतीने?"

पुतणीला घरात आणि शाळेतही सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती कधी एका जागी टिकायची नाही. आज ती आतल्या खोलीत दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती आणि शब्दन् शब्द ऐकत होती. बाबा तिच्यासाठी भांडत होते. तिची आई तिच्यासाठी हळवी झाली होती. जितकं ते तिच्या बाजूने बोलत, तितके ती गुडघे छातीशी आवळून घेत होती. उद्या काकूचा तास जाणार. तिच्यामुळे. आणि ती गप्प राहिली की सगळं आपोआप होणार, तिला काही करायचीसुद्धा गरज नव्हती.

ती उठली आणि दार उघडून बाहेर आली.

"मी बाहेर नव्हते," ती म्हणाली.

"काय गं सोन्या?" तिची आई पुढे झाली.

"म्हणजे पहिल्यांदा होते. त्याचं काही नाही. कोंबड्यांचं हसू मलाच येत होतं. दुसऱ्या वेळी मी आत होते. ग्रंथपाल मीच होते." ती भराभर बोलत होती, थांबली तर संपलंच अशी. "आणि माझी बाकावरची शेजारीण खिडकीशी आली. सायकलवाल्यांची. ती अडखळत वाचते. आम्ही रोज बसतो ना मधल्या सुट्टीत, मी तिचं वाचन घेते, तीच. मी म्हटलं, तुमच्या वस्तीतल्यांना पुस्तक कशाला हवं? आधी वाचता येतं का ते दाखव. मी पुस्तक पुढे धरलं. तिला येईना. सगळे हसायला लागले. मग मी तिच्या तोंडावर खिडकी लावली."

बटाट्याची साल आईंच्या हातातून खाली पडली. धाकटीला वर्गातला तो दुसरा हशा आठवला. पाठमोरी होते मी. सह्या करत होते.

"आता सगळे तिला 'वाचून दाखव' म्हणतात," भिंगरी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी गेटपर्यंत गेले होते. मला ऐकू आलं. मग मी परत आले."

थोरला धपकन खुर्चीवर बसला. क्षणभर त्याचा चेहरा पार रिकामा झाला. मग त्याने घसा खाकरला.

"हं. ठीक आहे. मुलं आहेत. खेळात होतं असं. त्याचं एवढं काय मनाला—"

"वा!" त्याची बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी धाकटासुद्धा दचकला. "मुलगी बाहेर होती तोवर गुन्हा होता. आत निघाली तर खेळ झाला?"

"अगं, मी—"

"सभा बोलावलीत तुम्ही. एका बाईचा तास काढून घ्यायला निघालात. आणि त्या सायकलवाल्यांच्या मुलीसाठी काय बोलावणार आहात?"

खालच्या वस्तीतून थोरला निघाला त्याला खूप वर्षं झाली होती. वस्ती मात्र होती तिथेच होती, आणि तिथल्या एका मुलीला त्याच्या मुलीने 'तुमच्या वस्तीतल्यांना' असं म्हटलं होतं. हे शब्द पोरीने कुठून उचलले असतील? दुकानात एखादं गिऱ्हाईक फार घासाघीस करू लागलं की तो मागच्या खोलीत येऊन काय पुटपुटायचा, ते त्याला आठवलं. त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला.

"आजी," भिंगरी म्हणाली, "मी वाईट आहे का?"

"इकडे ये," आई म्हणाल्या. "बस. खुर्ची ओढ, खाली नको बसूस. मी तुला एक सांगते. यात कोंबड्या नाहीत."

थोरल्याने पुसलेला चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. 

"वाचनालयात जायच्या आधी आम्ही तालीम करायचो. शिंपीणबाईंच्या मागच्या खोलीत. उगीच उठून गेलो नाही आम्ही. आत गेल्यावर ते शिव्या देणार, खुर्ची ओढणार, अंगावर पाणी ओतणार, हे माहीत होतं. तेव्हा आपण हात उचलायचा नाही, उठायचं नाही, खाली बघायचं नाही. हे काय अंगात असतं होय? शिकावं लागतं. मग आमच्यातलेच काही जण ग्रंथपाल व्हायचे, पहारेकरी व्हायचे, आणि बाकीच्यांना छळायचे."

"तू बसणाऱ्यांत होतीस ना?"

"वाचनालयात. तालमीत मी ग्रंथपाल. माझ्याइतकी तिखट जीभ कुणाची नव्हती." आईंनी सुरी खाली ठेवली. "आमच्यात एक मुलगी होती. देखणी होती, गाणं म्हणायची, सगळे तिच्याभोवती. मला ती आवडायची नाही. एकदा तालमीत मी तिला काय काय बोलले. तिच्या आईवरून बोलले, तिच्या कपड्यांवरून बोलले. मग खुर्ची ओढली, ती मनगटावर पडली. सगळे म्हणाले, काय झकास केलंस, अगदी खरं वाटलं. खरं वाटेल नाहीतर काय? खरंच होतं ते."

"आई, हे तू कधी सांगितलं नाहीस," थोरला हळूच म्हणाला.

"यात हसू येत नाही ना रे. कसं सांगायचं?"

"मग काय झालं?" भिंगरीने विचारलं.

"शिंपीणबाईंचा एक नियम होता. खेळ मोडल्याशिवाय कुणी घरी जायचं नाही. जो छळायचा आणि ज्याला छळलं, त्यांनी समोरासमोर बसायचं. छळणाऱ्याने आधी बोलायचं. आणि 'माफ कर' म्हणायचं नाही."

"का?"

"कारण ते म्हटलं की सुटका होते. समोरच्याने लगेच 'असू दे' म्हणायचं, आणि विषय संपला. तसं नाही. आधी सांगायचं, मला करताना काय वाटलं. खरं खरं. मग समोरच्याने सांगायचं, आणि आपण मुकाट्याने ऐकायचं. मी त्या मुलीसमोर बसले आणि म्हटलं, मला मजा आली. म्हणाले आणि वाटलं, आता मला हाकलणार. शिंपीणबाई म्हणाल्या, 'बरं झालं कळलं. तो वाचनालयातला माणूस तुझ्याच मातीचा आहे. म्हणून तर तो बदलेल असं मला वाटतं. राक्षस असता, तर मी तुम्हाला तिथे पाठवलंच नसतं.'"

धाकटी टेबलाच्या कडेला धरून उभी होती. इतक्या वर्षांच्या हसण्यात हा भाग तिला कुणी सांगितला नव्हता, आणि तिनेही कधी विचारला नव्हता. "मी अर्धाच धडा शिकवला," ती म्हणाली. "शिपायाच्या कागदांवर सह्या करत राहिले, घंटा झाली आणि मी जाऊ दिलं सगळ्यांना. खेळ मोडायचा राहिलाच."

"तो मी तरी कुठे पुरा सांगितला होता तुला," आई म्हणाल्या. "रडू नको आता. बटाटे राहिलेत."

"बटाटे राहू देत," भिंगरी म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "काकू, तू येशील माझ्याबरोबर? तिच्या घरी. आत्ता."

ती तिघं गेली, कारण थोरलाही न विचारता चपला घालून खाली उतरला. चढाचा रस्ता उतरताना तो आधी मागून चालत होता. मग धाकटीच्या बाजूला आला.

"तक्रार मी मागे घेणार नाही," तो म्हणाला.

"भाऊजी!"

"ऐक गं. मजकूर बदलतो. लिहितो, की या धड्याला एक तास पुरत नाही, दोन द्या. आणि दुसऱ्या तासाला शिपायाने दाराशी फिरकायचं नाही." तो पुन्हा अगंतुगंवर आला होता. "आणि तो ग्रंथपाल मी आता करणार नाही. धाकट्याला सांग, कोंबडी बंद."

"सांगते. तुमच्याइतकंच वाईट त्यालाही वाटेल."

थोरल्याला हसू आलं, आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. या खेपेस तो ओरडला नाही.

सायकलचं दुकान उतारावरच्या शेवटच्या वळणावर होतं. पुढे दुकान, मागे दोन खोल्या. सायकलवाले ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसले होते आणि त्यांची मुलगी उलट्या ठेवलेल्या सायकलचं चाक फिरवून बघत होती. पायरीवर तिचं दप्तर उघडं पडलं होतं. बाईंना बघून ती उभी राहिली. भिंगरीला बघून तिने चाक हाताने थांबवलं.

"का आलीस?"

भिंगरीने रस्ताभर वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता आठवेना.

"मला माहीत होतं तुला ते वाचता येणार नाही," ती म्हणाली. "म्हणूनच मी तेच पुस्तक धरलं. सगळे हसले तेव्हा मला भारी वाटलं. खिडकी लावली तेव्हासुद्धा. नंतर घरी जाऊन वाईट वाटलं, पण तेव्हा भारी वाटलं होतं."

सायकलवाल्यांनी ट्यूब पाण्याबाहेर काढली आणि वर बघितलं.

"दिसत होतं," शेजारीण म्हणाली. "बाकीचे हसले त्याचं मला काही नाही. ते हसतातच. पण मी कुठे अडते ते फक्त तुला माहीत होतं. मीच सांगितलं होतं तुला."

भिंगरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"आता रडू नकोस हं," शेजारीण म्हणाली. "तू रडलीस की सगळे तुझ्याकडेच बघतात."

भिंगरीने बाहीने तोंड पुसलं आणि मान हलवली. गप्प राहायचं, असं आजीने सांगितलं होतं. ती गप्प राहिली.

धाकटीला राहवलं नाही. "माझंही सांगते," ती म्हणाली. "वर्ग माझा होता आणि लक्ष माझं नव्हतं. त्यानंतरही नव्हतं."

शेजारणीने तिच्याकडे बघितलं. बाईंशी असं बोलावं की नाही याचा विचार करत असावी.

"तुम्ही रोज हजेरी घेताना विचारत होतात, बाई. भिंगरी का येत नाही, कुणाला माहीत आहे का, म्हणून."

"हो."

"मी रोज येत होते."

धाकटीच्या आत्ता लक्षात आलं. या मुलीला 'वाचून दाखव' म्हणत होते, आणि ती दररोज उठून त्याच गेटातून आत येऊन त्याच बाकावर बसत होती. एकटी. धड्यातली माणसं याहून वेगळं काय करत होती? आणि सगळं घर कुणासाठी भांडत होतं, तर जी घरी बसली होती तिच्यासाठी. थोरला मान खाली घालून उभा होता.

"उद्या मी सगळ्यांसमोर सांगेन," भिंगरी म्हणाली. "मी केलं ते. तू नको म्हणालीस तर नाही सांगणार."

"सांग. मी बसून ऐकेन."

"मग बोलशील माझ्याशी?"

"ते मी अजून ठरवलं नाही." शेजारणीने ग्रीस लागलेले हात फडक्याला पुसले, पायरीवरच्या दप्तरातून इतिहासाचं पुस्तक काढलं आणि पान शोधलं. "उद्या तो धडा मी वाचणार, बाई. मोठ्याने. मला कुणी पुढचा शब्द सांगायचा नाही. तू पण नाही. अडले तर थांबायचं."

"थांबेन," भिंगरी म्हणाली.

"सगळ्यांनी."

"सगळे थांबतील," धाकटी म्हणाली.

"बघू," शेजारीण म्हणाली, आणि तिने तिथेच, दुकानाच्या दारात उभं राहून वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत ती एका लांब शब्दापाशी आली आणि थांबली. तिचे ओठ एकदा हलले, दोनदा हलले. रस्त्यावरून कुणीतरी घंटी वाजवत गेलं. सायकलवाले हलले नाहीत. थोरला जन्मभर लोकांची वाक्यं पुरी करत आलेला. त्याच्या जिभेवर तो शब्द आला होता. त्याने दात घट्ट आवळून धरले. भिंगरी एका जागी उभी होती. कितीही वेळ लागला असता तरी ती हलली नसती.

"प्र-वे-श-द्वा-रा-ने," शेजारीण म्हणाली. मग सगळा शब्द पुन्हा एकदा, एका दमात. तिने वर बघितलं. कुणीही हूं का चूं केलं नव्हतं. तिने बोट पुढच्या शब्दावर ठेवलं आणि वाचू लागली.